सोनीमावशी, आकडा मी चुकवला

मावशी, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायचं तर तुमच्या घरच्यांनी, भावकीतल्यांनी लिहावं. मी चार वर्षं तुमच्या मागच्या चाळीत भाड्याने राहिलेला एक विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर मी सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत. शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मला तुमच्या ओटीवर बसून वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि तुम्ही मध्येच म्हणाला असतात, "पुरे रं इलास, मुद्द्याचा बोल." मुद्द्याचं बोलायलाच मला जमलं नाही. म्हणून हा कागद.

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं, असं कळलं. तुमच्या तळवली गावात दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एक्स-रेच्या मशीनजवळ असायची ना ती, त्यानं झालं का रे?" मी फिजिक्सचा विद्यार्थी, म्हणून मला विचारलं. मी नाही म्हणालो. हृदय असं अचानक बंद पडणं आणि तुमच्या अंगातून गेलेली किरणं यांचा संबंध लावता येईल, इतकी ती किरणं नव्हती. हे उत्तर मी आता ठामपणे देतो. तुम्ही स्वतः विचारलं होतंत, तेव्हा मी चुकीचं दिलं.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या दोन गाळ्यांच्या क्लिनिकमध्ये तुम्ही आया होतात. झाडलोट, पेशंटला आत-बाहेर नेणं, ओल्या फिल्मा सुकत लावणं ही तुमची कामं. लहान मुलं धरणं हे काम तुम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. महापेच्या कंपन्यांतल्या कामगारांची, माझ्या बाबांसारख्या मार्केटमधल्या हमालांची, गावातली, सगळ्यांची पोरं तिथे यायची. महिनाभर खोकला राहिला की डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगायचे. वर्षाचं पोर फिल्मच्या त्या थंड पत्र्यापुढे गप्प कसं राहणार? नियम असा की घरच्यांपैकी कुणीतरी धरायचं. तुम्ही मात्र आईच्या कडेवरून पोर उचलायचात, तिला बाहेर काढायचात आणि दार लावून घ्यायचात.

मी एकदाच ते दाराच्या फटीतून पाहिलं. शिशाचा तो जड एप्रन, त्याचा पट्टा तुटलेला, म्हणून तुम्ही तो जुन्या परकराच्या नाडीने बांधलेला. पोराचे दोन्ही हात त्याच्या कानांशी वर धरलेले. पोर किंचाळत होतं आणि तुम्ही त्याच्याशी अगदी सावकाश बोलत होतात, जणू काही बाजारात भेटला आहात. मग एकदम त्याच्या तोंडावर फुंकर मारलीत. पोर दचकलं, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि क्षणभर तसंच राहिलं.

"मार!" तुम्ही म्हणालात. टेक्निशियनने बटण दाबलं. झालं.

टेक्निशियन नंतर मला म्हणाला, "मावशीनं धरलेल्या पोराचा फोटो दुसऱ्यांदा काढायची पाळी येत नाही." तेव्हा मला त्यात विशेष वाटलं नाही. पुढे पुस्तकात वाचलं की छातीचा फोटो श्वास भरलेला असताना काढायचा असतो, हलला तर पुन्हा काढावा लागतो, आणि पुन्हा काढला की त्या पोराच्या अंगात किरणं दुप्पट जातात. लोकांनी यावर जाड जाड ग्रंथ लिहिलेत, मावशी. तुमची एक फुंकर त्यातली निम्मी पानं उरकत होती.

मी ते फटीतून पाहिलं, तो दिवस माझ्या ताईचा होता. ताई तुर्भ्याहून तिच्या बाळाला घेऊन आली होती, सोबत सासूबाई.

"तू भायेर थांब, बाय," तुम्ही म्हणालात.

"मी धरती की. माझ्याबिगर लई रडंल त्यो."

"रडूदे. रडला त छाती भरतं. थांब भायेर."

सासूबाई बाकावरून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आईलाच भाईर काढत्यात. कसला म्हणायचा दवाखाना ह्यो!"

मलाही राग आला होता. संध्याकाळी ओटीवर तुम्ही जवळा निवडत बसला होतात, तेव्हा मी तुम्हाला शिकवायला आलो. आठवतं? मी म्हणालो, "मावशी, हे चुकीचं आहे. आई आयुष्यात एकदा धरते, तुम्ही रोज धरता. वाटून घेतलं तर प्रत्येकीच्या वाट्याला कणभर येईल. तुम्ही सगळं एकटीच्या अंगावर घेता."

तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तुजी भन पोटुशी हाय का?"

मी गडबडलो. "मला काय माहीत?"

"तिला तरी म्हाईत हाय का? आनि म्हाईत असला तरी सासू समोर बसलेली. टेक्निशन पोऱ्या इचारतं, 'दिवस गेलेत का?' ती बोलंल? मान हलवून नाय बोलंल. मंग मी इचारतच नाय. समद्यांनाच भायेर काडतंय."

 मी हट्टाने म्हणालो, "तरीपण हिशेबाने चूकच."

"असंल. तू हिसाब कर, मी पोर धरतंय."

दीड महिन्याने ताईचं कळलं. बोटं मोजली तेव्हा ध्यानात आलं की त्या दिवशी तिला दिवस गेले होते आणि तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मावशी, खरं सांगायचं तर ताई त्या खोलीत एकदा उभी राहिली असती, तरी पोटातल्या जिवाला धोका जवळजवळ नसल्यासारखाच होता. आज मला तो आकडा माहीत आहे. पण आकडा माहीत झाल्याने माझी भाची मांडीवर येऊन बसली की तुमची आठवण येते ती काही कमी होत नाही.

तो वाद आपला कधीच मिटला नाही. मी पुढे वाचलं की शास्त्रज्ञ असं धरून चालतात की थोड्या मात्रेचा धोकाही मात्रेच्याच प्रमाणात असतो. मात्रा निम्मी, तर धोका निम्मा. याचा अर्थ हजार आयांनी एकेक कण घेतला काय किंवा एकीने हजार कण घेतले काय, सगळ्यांचा मिळून धोका तेवढाच राहतो. बेरीज बदलत नाही. फक्त तो कुणाच्या अंगावर ठेवायचा एवढंच माणसाच्या हातात उरतं.  वाटून घेतल्याने धोका संपतो असं मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं. तो संपत नव्हता, दिसेनासा होत होता. तुम्ही तो दिसेल असा एका जागी ठेवला होता.

मग मागच्या श्रावणात तुम्ही विचारलंत. डॉक्टरांना आणि टेक्निशियनला छातीवर लावायचे बिल्ले होते. ते दर तीन महिन्यांनी तपासायला जात आणि कुणाला किती किरणं लागली ते कळवलं जाई. तुम्हाला बिल्ला नव्हता. नियमाने मशीन चालू असताना तुम्ही आत असायलाच नको होतात, मग बिल्ला कसला?

"तू फिजिक शिकतस ना? मंग मना सांग, आठ वर्सांत माज्या अंगात किती गेला?"

त्याआधी मला कुणी माझ्या शिक्षणातलं काही विचारलं नव्हतं. आई विचारायची, पास झालास का. बाबा विचारायचे, अजून किती वर्षं. तुम्ही पहिल्यांदा खरा प्रश्न विचारलात. माझे पाय जमिनीला टेकेनात.

आधी मी तुम्हाला एकक समजावलं. शरीराच्या दर किलोमागे किरणांनी एक ज्यूल ऊर्जा सोडली की एक ग्रे. एक्स-रेपुरतं तेच एक सिव्हर्ट. तुम्ही म्हणालात, "ज्यूल म्हंजी केवरा?" मी तुमच्या हातातला चहा दाखवला. म्हणालो, "मावशी, चार ग्रे एकदम सगळ्या अंगाला बसले आणि औषधपाणी झालं नाही, तर निम्मी माणसं जगत नाहीत. आणि तेवढी ऊर्जा म्हणजे तुम्ही आत्ता घेतला ना, तो एक घोट. तोही बारका. अंग अंशाच्या हजाराव्या भागाने तापेल एवढीच."

तुम्ही कप खाली ठेवलात. "मंग च्यानी कोन का मरत नाय?"

"चहाची ऊब सगळीकडे पसरते. ही ऊर्जा पसरत नाही. एकेका ठिकाणी पेशीतल्या धाग्यांवर घाव घालते."

  मला वर्गात ते सूत्र पाठ होतं, पण त्याचा धाक पहिल्यांदा तुमच्या ओटीवर वाटला. माणसाला मारायला घोटभर चहाएवढं पुरतं, आणि आपण सगळे रोज जमिनीतून, भिंतींतून, आभाळातून येणारी तसलीच किरणं अंगावर घेत धडधाकट फिरतो.

त्या आठवड्यात मी लायब्ररीत एक जुना इंग्रजी ग्रंथ शोधला. पोर धरणाऱ्या माणसाला, एप्रन नसताना, बाजूला उडणाऱ्या किरणांतून किती मिळतं याचा त्यात तक्ता होता. पुस्तक घरी न्यायला मनाई, म्हणून मी वहीत आकडे उतरवले. एका फोटोमागे अर्धा. दिवसाला तीन-चार पोरं, वर्षाची हजार, आठ वर्षांची आठ हजार. बेरीज चार हजार. आमच्या अभ्यासक्रमात सगळीकडे मिलिसिव्हर्टच होतं, म्हणून मी पुढे मिलिसिव्हर्ट लिहिलं. चार हजार मिलिसिव्हर्ट म्हणजे चार सिव्हर्ट. घोटभर चहाचा तोच आकडा. एकदम नाही, आठ वर्षांत विभागून, म्हणून तुम्ही उभ्या होतात, असं मीच मला समजावलं. सिव्हर्टमागे शंभरात पाच जणांना जीवघेणा कर्करोग, म्हणजे चारला वीस.

आणि मी ते येऊन तुम्हाला सांगितलं. इथे मी काय कारण देऊ? मला वाटलं, विचारलं आहे तर खरं सांगावं. शिकलेला माणूस खरं सांगतो, असं मला वाटायचं. आपल्या शिकण्यात चूक असू शकते हे मला वाटलंच नाही.

"शंभरात इसांना?" तुम्ही म्हणालात.

"हो."

"मंग मी इसांतली का ऐंशीतली?"

"ते सांगता येत नाही, मावशी. हा आकडा खूप माणसांचा मिळून असतो. एका माणसाचं त्यातून काही कळत नाही."

"एवरा शिकून?" तुम्ही हसलात. मग पदर झाडून उठलात आणि चुलीवर काय ठेवलं होतं ते बघायला आत गेलात.

आईला कळलं तेव्हा ती माझ्यावर तुटून पडली. "तुला कुणी नरडं धरलं व्हतं का सांग म्हणून? म्हातारीच्या जिवाला घोर लावलास. असलं शिकतोस व्हय तिथं?"

मी म्हणालो, "आई, हे विज्ञान आहे."

"मग तुझ्याच जिवाचं सांगत जा की इज्ञान."

नोव्हेंबरात एका तासाला सरांनी फळ्यावर जुनी एककं लिहिली. जुन्या ग्रंथांत सिव्हर्ट नसतं, रेम असतं. शंभर रेम म्हणजे एक सिव्हर्ट. सर खडू झटकत म्हणाले, "जुना तक्ता वापरताना वरचं एकक बघा, नाहीतर शंभरपटीने माराल कुणालातरी." वर्ग हसला. मी तसाच उठलो आणि लायब्ररीत गेलो. तक्त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात मिलिरेम होतं. मी आकडे उतरवले होते, माथा उतरवला नव्हता.

मावशी, तुमचा आकडा चार हजार मिलिसिव्हर्ट नव्हता. चाळीस होता. तोही एप्रन नसता तर. एप्रनने दहातले नऊ भाग अडवले असं धरलं, तर चार. शंभरात वीस नव्हे, दहा हजारांत दोन. तेवढ्याच आठ वर्षांत तळवलीच्या मातीने, तुमच्या घराच्या भिंतींनी आणि वरच्या आभाळाने तुम्हाला वीसेक मिलिसिव्हर्ट दिले होते. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या ज्या शेतावर आज कंपन्या उभ्या आहेत, त्या जमिनीने मशीनपेक्षा जास्त दिलं. आठ हजार पोरं धरून तुम्ही जे अंगावर घेतलंत, ते इथे नुसतं राहण्याने मिळतं त्याच्याहून कमी. हे कळलं तेव्हा मला हसू आलं नाही आणि सुटल्यासारखंही वाटलं नाही. एवढं मोठं काम आणि त्याची अंगावर एवढीशी खूण. आणि मी त्या एवढ्याशा खुणेचा डोंगर करून तुमच्यापुढे ठेवला होता.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी तुमच्या ओटीपर्यंत आलोही. तुम्ही म्हणालात, "काय रं, तोंड कनाला पारलास?" मी म्हणालो, काही नाही, डोकं दुखतंय. डिसेंबरात आम्हाला कोपरखैरण्याला घर मिळालं आणि आम्ही तळवली सोडली. मग परीक्षा. पेपर झाले की सांगू, असं मी रोज ठरवत होतो. वाचायला बसलो की पानावर तुमचा आकडा दिसायचा.

फेब्रुवारीत तुम्ही रस्त्यावर भेटलात. बस येत होती. मी म्हणालो, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "पेपर झालं की ये. घाई नाय." आणि बसमध्ये चढलात. माझ्या भित्र्या मनाला तेवढी सवलत पुरली.

पेपर एप्रिलच्या शेवटी झाले. लगेच चुलतभावाचं लग्न निघालं, म्हणून आम्ही साताऱ्याकडे गेलो. तिथून आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तळवलीला निघालो. खिशात कागद होता. त्यावर दोन्ही हिशेब मांडले होते, चुकलेला आणि बरोबर. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

ओटीवर तुमच्या सूनबाई, वहिनी, एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, पाट सरकवला आणि म्हणाल्या, "तुला नाय कलला?" मग त्यांनीच सांगितलं. तेरावा होऊन चार दिवस झाले होते.

मला रडू आलं नाही. मी खिशातला कागद काढला आणि वहिनींनाच सगळं सांगत सुटलो. मिलिरेम, मिलिसिव्हर्ट, चार हजार, चाळीस. मी चुकलो, मावशींना सांगायचं राहून गेलं, त्या माझ्या चुकीचं ओझं घेऊन गेल्या, असं काय काय.

वहिनींनी मला थांबवलं.

"तिला म्हाईत होता."

"काय?"

"तू चुकलास ता. गनपतीच्या आदीच डागतरना इचारला तिनी. डागतर हसला. बोलला, पोरानं दोन शून्य जास्त घातलीत, मावशी, तुला काय होत नाय."

 मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"मी बोललू, सांगतंय त्याला. तं माज्या अंगावर आली. बोलली, घरान पयलाच शिकतंय तो. आपून चूक काडली त लाजंल, पुस्तकच ठेवंल खाली. त्याचा त्याला कलंल. कलला की येल सांगाला."

गणपतीच्या आधी. म्हणजे नोव्हेंबरात मी ओटीवर तोंड पाडून उभा होतो तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. रस्त्यावर "घाई नाय" म्हणालात तेव्हाही. मी मनातल्या मनात दिवस मोजले. मी सांगितलं त्या दिवसापासून डॉक्टरांना विचारलंत त्या दिवसापर्यंत किती गेले, ते मी वहिनींना विचारलं.

"आठ दिस," त्या म्हणाल्या. "डागतर गावाला गेलेला, त्याच्या जागी आलेल्याला इचारला नाय तिनी. ते आठ दिस जेवन जाय नाय तिला. बोलाची नाय काय, पन धास्ती खाल्ली होती."

त्या आठ दिवसांत तुमच्या लेखी माझा आकडा खरा होता. शंभरात वीस. आणि धरलेल्या प्रत्येक पोरागणिक तो वाढणार होता, हेही मीच तुम्हाला सांगितलं होतं. म्हणून मी अजून एकच विचारलं. त्या आठवड्यात क्लिनिकमध्ये पोरं कुणी धरली?

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच बाळबोध विचारलं होतं.

"कोन धरनार? तिनीच. एक खाडा नाय केला."